गेमला फाटे किती, यापेक्षा त्याला आठवतं किती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या कथेवर लेख आला, याचं अप्रूप वाटलं. एरवी मराठी वर्तमानपत्रात गेमचा विषय निघतो तो मुलांचे डोळे, मुलांचा अभ्यास आणि मोबाइलचा रिचार्ज यांच्या निमित्ताने. मात्र त्या लेखातलं एक विधान खटकलं: ज्या रोल-प्लेइंग गेममध्ये (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये) खेळणाऱ्याला कथा बदलता येत नाही, तो गेम म्हणजे बटणं दाबत बघायचा पिक्चर. वाक्य ऐकायला झकास आहे, पण नागपुरात हल्ली बरीच पोरं स्वतः गेम लिहायला बसतात आणि हेच वाक्य प्रमाण मानून पहिल्याच महिन्यात आडवी होतात. गेमसाठी कथा-संवाद लिहिणं आणि ते शिकवणं हेच आमचं काम असल्याने हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

आधी जुना दाखला. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, जपानी धाटणीच्या रोल-प्लेइंग गेमचा मूळपुरुष. त्यात नायक गुहेतून राजकन्येला सोडवतो तेव्हा ती विचारते, मला राजवाड्यात न्याल ना? 'नाही' म्हटलं की ती हिरमुसते आणि पुन्हा तेच विचारते. शंभर वेळा 'नाही' म्हणा, एकशे एकाव्या वेळी तोच प्रश्न. 'हो' म्हटल्याशिवाय सुटका नाही. याच गेमच्या शेवटी मुख्य खलनायक समोर येतो आणि सौदा मांडतो: माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुझं. इथे 'हो' म्हटलं की खेळ खलास. दोन्हीकडे पडद्यावर 'हो' आणि 'नाही' हेच दोन शब्द. एका ठिकाणी निवड नावापुरती, दुसऱ्या ठिकाणी प्राणावर बेतणारी. मग हा गेम कोणत्या टोपलीत टाकायचा, निवडीच्या की सरळ रेषेच्या?

आता हिशेब. समजा गेममध्ये दहा ठिकाणी निवड आहे, दर वेळी दोन पर्याय, आणि प्रत्येक पर्यायाची कथा शेवटपर्यंत वेगळी. पहिला प्रसंग एक, मग दोन, चार, आठ, असं करत शेवट १,०२४ होतात आणि एकूण प्रसंग २,०४७. एका प्रसंगाला ३०० शब्द धरले तर ६,१४,१०० शब्द लिहावे लागतील. साठ-सत्तर हजार शब्दांच्या नऊ-दहा कादंबऱ्या झाल्या! आणि खेळणारा एका खेपेत वाचतो किती? अकरा प्रसंग, ३,३०० शब्द. वीस मिनिटांत खेळ संपला. लिहिलेल्या दर १८६ शब्दांतला एक त्याच्या डोळ्यांखालून गेला, बाकीचे हार्ड डिस्कमध्ये पडून. शिवाय जे १,०२४ शेवट लिहायचे, ते घाईत लिहिलेले असणार. त्यातला एखादाही धड उतरायचा नाही.

म्हणून या धंद्यातले लोक फांद्या मोकाट सोडत नाहीत, थोडं पुढे नेऊन पुन्हा एका जागी आणून बांधतात. नागपूरकराला हे समजायला मेट्रोचा नकाशा पुरे. ऑटोमोटिव्ह चौकाकडून खापरीला जा, नाहीतर प्रजापती नगरहून लोकमान्य नगरला. ऑरेंज लाइन असो की ॲक्वा, सीताबर्डीचं जोडस्थानक काही चुकत नाही. कथेतही अशा सीताबर्ड्या ठेवायच्या. दहा निवडींसाठी अकरा ठाम प्रसंग आणि मधल्या वाटांचे वीस, एकूण ३१ प्रसंग, ९,३०० शब्द. लिहिणं सहासष्ट पटींनी कमी झालं. खेळणाऱ्याला मात्र ३१ पैकी २१ प्रसंग, म्हणजे ६,३०० शब्द मिळतात, आधीच्या जवळजवळ दुप्पट.

पण फसगत होते ती याच ठिकाणी. सीताबर्डीला उतरल्यावर तुम्ही कोणत्या गाडीने आलात हे कोणालाच माहीत नसेल, तर ती सोडवून आणलेली राजकन्याच झाली. दोन वाटा एकत्र आल्यावर आधीची वाट कुठे ना कुठे उमटली पाहिजे, आणि त्यासाठी फार खर्च येत नाही. 'आरपीजी मेकर'सारख्या गेम बनवायच्या साधनात दोन प्रकारच्या नोंदी ठेवता येतात: हो-नाही साठवणारा स्विच आणि आकडा साठवणारा व्हेरिएबल. सगळी करामत या दोन डब्यांची.

एक उदाहरण जवळून बघू. संत्र्याच्या बाजारात अडत्याच्या हाताखाली काम करणारा पोरगा हा आपला नायक. आंबिया बहाराचा माल उतरतोय. काटोलकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मालाला काटा मारला जातोय हे त्याच्या लक्षात येतं. सांगायचं की गप्प बसायचं? काहीही केलं तरी रात्री तो घरी येणार आणि पुढच्या प्रसंगात, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, मालाची गाडी घेऊन निघाला असता मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चात अडकणार. ही आपली सीताबर्डी, ती बदलायची नाही. मोर्चात तोच म्हातारा बसलेला आहे. पोरानं सांगितलं असेल तर म्हातारा सरकून जागा करतो: 'बस बाबू. भाकर खाऊन घे, गाडी काई आत्ता निघत नाई.' गप्प बसला असेल तर तोच म्हातारा मान वर करून म्हणतो: 'तुम्ही अडत्याकडचे न जी? त्या दिशी काट्यापाशीच होते तुम्ही.' आणि तोंड फिरवतो. प्रसंग तोच, मोर्चा तोच, पुढे जायचा रस्ताही तोच. बदलल्या त्या दोन ओळी, वीसेक शब्द. पण 'तू'चं 'तुम्ही' झालं ते खेळणाऱ्याला लागतं.

नवशिक्यांचा हात इथे हमखास घसरतो, म्हणून जरा थांबून सांगतो. 'काटा सांगितला' नावाचा स्विच ठेवला तर सुरुवातीला तो 'नाही'वर असतो. आता खेळणारा त्या दिवशी बाजाराच्या त्या कोपऱ्यात फिरकलाच नाही असं समजा. स्विच 'नाही'वरच राहिला. मोर्चात म्हातारा त्याच्यावर डाफरतो, 'काट्यापाशीच होते तुम्ही', आणि बिचाऱ्याला काटाही माहीत नाही आणि म्हाताराही. 'गप्प बसला' आणि 'तिथे गेलाच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात गेल्या. अशा जागी स्विच वापरायचाच नाही, व्हेरिएबल वापरायचा: ० म्हणजे गेलाच नाही, १ म्हणजे सांगितलं, २ म्हणजे पाहून गप्प बसला. आणि म्हाताऱ्याला तिसरी ओळही लिहायची, अनोळखी माणसाशी बोलावं तशी: 'मांगं घ्या न गाडी, बाया बसल्या हाये इथं.'

या नोंदींची खतावणी कागदावर किंवा एक्सेलमध्ये ठेवावी. रकाने चारच: व्हेरिएबलचं नाव, त्याची किंमत कुठे बदलते, ती कुठे कुठे वाचली जाते, आणि ० राहिली तर काय. तिसऱ्या रकान्यात काहीच नसेल तर ती निवड गेममधून काढून टाकावी. खेळणाऱ्याला विचारून त्याचं उत्तर केराच्या टोपलीत टाकण्यापेक्षा न विचारणं बरं. तिसऱ्या रकान्यात किमान दोन जागा हव्यात. एक लगेचची, पाच-दहा मिनिटांत, म्हणजे गेम ऐकतोय एवढं कळतं. दुसरी उशिराची, दोन-तीन तासांनी, विसरायला झालेलं असताना.

ही उशिराची जागा का महत्त्वाची? कारण निवडीचा परिणाम लगेच दिसला की खेळणारा सेव्ह केलेला खेळ परत उघडतो आणि दुसरा पर्याय घेऊन बघतो. दुकानात चपलांचे चार जोड घालून पाहावेत तसं. 'द विचर'च्या पहिल्या भागाने, २००७ साली, यावर नामी तोड काढली. नायक पेट्यांची राखण करत असताना बंडखोर त्या मागायला येतात. त्या नेऊ दिल्या तर तेव्हा काहीच बिघडत नाही. कित्येक तासांनी, ज्याच्याकडून माहिती काढायची तो माणूस त्याच बंडखोरांच्या हातून मेलेला सापडतो. आता मागे जायचं तर सगळे तास पुन्हा खेळा! 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) संवादातही वीस बाजूंचा फासा पडतो आणि तो उलटा पडला की लोक सर्रास मागची सेव्ह उघडतात. म्हणून त्याच वर्षी त्यात एकच सेव्ह असलेला 'ऑनर मोड' घालण्यात आला. 'अंडरटेल' (२०१५) तर याहून चावट. त्यात आईसारखी माया करणाऱ्या पात्राला मारून, वाईट वाटलं म्हणून सेव्ह उघडून तिला वाचवलं, तर पुढे एक पात्र तुम्हाला तोंडावर सांगतं की आधी काय केलंत ते मला ठाऊक आहे.

आठवण आणि कथेचा फाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवायला 'क्रोनो ट्रिगर'मधल्या (१९९५) खटल्याइतकं चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. सुरुवातीला जत्रा आहे. खेळणारा तिथे नुसता हुंदडतो. पुढे नायकावर खटला भरतो आणि जत्रेतल्या बारीकसारीक गोष्टी साक्षीला येतात: दुसऱ्याचा डबा खाल्लात का, हरवलेली मांजर पोरीला नेऊन दिलीत का, मुलगी धडकून पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केलीत की तिचं लॉकेट उचललंत. पंच एकेक करून कौल देतात. आणि गंमत अशी, की कौल कोणताही लागो, नायक जातो कोठडीतच. कथा तसूभर हलत नाही. तरीही हा खटला तीस वर्षं लोकांच्या बोलण्यात आहे, कारण जत्रेत तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. निवड करतोय हे ठाऊक नसताना केलेली निवड होती ती.

उलट बाजूला 'द विचर २' (२०११). त्यात पहिल्या प्रकरणाच्या शेवटी कोणाची बाजू घेता यावर अख्खं दुसरं प्रकरण बदलतं: तळ वेगळा, माणसं वेगळी, कामं वेगळी. एकदाच खेळणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं अर्धंच येतं. धाडस म्हणून आम्ही त्याला सलाम करतो, पण दोघा-तिघांच्या चमूने हे करायला जाऊ नये.

'मास इफेक्ट'ची गोष्ट वेगळी, आणि शिकण्यासारखी. २००७, २०१० आणि २०१२ असे तीन भाग. पहिल्यातली सेव्ह दुसऱ्यात आणि दुसऱ्यातली तिसऱ्यात न्यायची सोय. पहिल्या भागात एका प्रजातीची शेवटची राणी तुमच्या हाती सापडते, मारा किंवा सोडा. मारलीत तर तिसऱ्या भागात तिच्या जागी बनावट राणी उभी केलेली आढळते, कारण तो प्रसंग मारणाऱ्या आणि सोडणाऱ्या, दोन्ही खेळणाऱ्यांसाठी लिहिलेला होता. तीन भागांचे हिशेब साठत गेले की असं ठिगळ लावणं भाग पडतं. त्यात लेखकांचा आळस नाही, वरचं २,०४७ चं गणित आहे. लोक भडकले ते तिसऱ्या भागाच्या शेवटावर. शेकडो निवडींची खतावणी शेवटच्या दहा मिनिटांत वाचलीच जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१२ च्याच जूनमध्ये कंपनीला शेवट वाढवून फुकट द्यावा लागला. आमच्या मते चूक शेवट कमी असण्यात नव्हती. 'फॉलआउट'ने १९९७ मध्येच स्वस्त तोड दाखवली होती: गेम संपला की प्रत्येक गावाचं एकेक चित्र आणि तुमच्यामुळे त्या गावाचं काय झालं याची दोन-तीन वाक्यं. दहा गावं आणि प्रत्येकी तीन शक्यता धरा, तीस छोटे परिच्छेद झाले. खेळणाऱ्याला वाटतं, माझा शेवट माझाच.

आता सरळ रेषेच्या बाजूने बोलतो. 'फायनल फँटसी ७' (१९९७) तीन सीडींवर आला होता. पहिली सीडी संपता संपता नायकाची सोबतीण एरिथ मरते. काहीही करा, मरते. तिला वाचवायची युक्ती लोकांनी वर्षानुवर्षं शोधली, आणि ती नाही म्हणूनच हा मृत्यू लक्षात राहिला. पण हा प्रसंग पिक्चरमध्ये इतका लागला नसता, याचं कारण कथेत नसून खेळण्यात आहे. एरिथ चमूत जखमा भरून काढणारी. खेळणाऱ्याने तिच्यावर तास घातलेले, तिला चांगली हत्यारं दिलेली, तिची ताकद वाढवलेली. ती गेल्यावर पुढच्या लढाईत तिची जागा रिकामी असते आणि तुमचं गणित कोलमडतं. निवड कुठेच नव्हती, पण तुमचा हात सगळीकडे होता. 'निवड नाही म्हणजे पिक्चर' या विधानाला आमचं मुख्य उत्तर हेच आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. झाडीपट्टीतलं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक कथा बदलून मागत नाही, वन्समोअर मागतो.

सरळ रेषाही बिघडते, ती अशी. 'फायनल फँटसी १३' (२००९) वर लोकांनी 'बोळातून पळवत नेता' अशी टीका केली. तेरा प्रकरणांपैकी अकराव्यापर्यंत मोकळं मैदान दिसत नाही. पण 'फायनल फँटसी १०' (२००१) चे रस्तेही अरुंदच होते आणि त्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. फरक इतकाच की दहामध्ये वाटेत गावं लागतात, देवळं लागतात, लोकांशी बोलता येतं, पाण्यातला चेंडूचा खेळ खेळत बसता येतं. तेरामध्ये हे विसावे काढून टाकले. म्हणजे कथा सरळ ठेवलीत तरी पाय मोकळे करायला चौक लागतात. पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) रोल-प्लेइंग गेम नाही, पण भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा त्याने सरळच ठेवली आणि छोट्या चमूसाठी तो निर्णय शहाणपणाचाच होता.

निवडीचे पर्याय लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी काही वारंवार दिसतात. डावा दरवाजा की उजवा, कशामागे काय याचा सुगावा नाही. ही निवड नव्हे, छापा-काटा. खेळणाऱ्याला निदान एवढं कळावं की या वाटेने काय गमावण्याचा धोका आहे. दुसरी चूक पुण्य-पापाच्या मीटरची. 'मास इफेक्ट'मध्ये सज्जनपणाचं उत्तर नेहमी वरच्या बाजूला आणि दांडगाईचं खालच्या बाजूला. एकाच बाजूला गुण साठवले तर पुढची खास उत्तरं उघडतात. त्यामुळे पहिल्या तासाभरात माणूस ठरवतो आपण सज्जन, आणि पुढचे कित्येक तास न वाचता वरचं बटण दाबत जातो. शंभर निवडी दिसतात, प्रत्यक्षात झाली एक. तिसरी चूक घाईची. मुलाला पळवून नेलंय, एकेक क्षण मोलाचा आहे असं कथा सांगते, आणि खेळणारा त्याच वेळी भंगार गोळा करत फिरतो. 'फॉलआउट ४' मध्ये (२०१५) हेच झालं. मूळ 'फॉलआउट'मध्ये पाण्याची चिप शोधायला दीडशे दिवस दिले होते आणि ते खरोखर मोजले जात. घाई सांगायची असेल तर घड्याळ लावा, नाहीतर 'फॉलआउट: न्यू व्हेगास'सारखी (२०१०) थांबू शकणारी कथा घ्या: आपल्याला गोळी घालणाऱ्याचा माग काढायचा आहे, आज नाही तर उद्या.

आणि अपयशालाही ओळी लिहा. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) काम जमतं का ते ठरवायला दोन फासे टाकतात आणि बेरजेत कौशल्याचे गुण धरतात. दोन्ही सहा पडले तर काम होणारच, दोन्ही एक पडले तर फसणारच. या कसोट्या दोन रंगांच्या: पांढऱ्या पुन्हा देता येतात, लाल एकदाच. पण फसल्यावरचं लिखाण जमल्यावरच्या लिखाणापेक्षा कधी कधी सरस आहे. त्यामुळे लोक मागची सेव्ह उघडत नाहीत, पुढे काय फजिती होते ते बघतात.

मराठीत लिहिताना एक जास्तीचं ओझं आहे, त्याबद्दल कुठे लिहिलेलं सापडत नाही. नायक मुलगा की मुलगी हे खेळणाऱ्यावर सोडलं की इंग्रजीत एखाद-दुसरं सर्वनाम बदलतं. आपल्याकडे कितीतरी क्रियापदं. मी गेलो, मी गेले (नागपूरकडे 'मी गेली'), तू आलास, तू आलीस. म्हणजे एका निवडीने अख्खी संहिता दुप्पट. यातून वाट काढायची तर वाक्यच असं लिहायचं की लिंग येणार नाही. 'मी घाबरलो' ऐवजी 'मला भीती वाटली'. 'मी विसरले' ऐवजी 'माझ्या लक्षात राहिलं नाही'. 'मी जातो' ऐवजी 'मी निघणार'. पर्याय तर 'सांगून टाकायचं', 'गप्प बसायचं' असेच लिहावेत, ते कोणाच्याही तोंडी चालतात. वस्तूंचंही तेच: तलवार मिळाली, खंजीर मिळाला, चिलखत मिळालं. प्रोग्राममध्ये 'तुला अमुक मिळाला' असं एकच वाक्य साच्यात टाकलं तर पडद्यावर 'तलवार मिळाला' उमटतं आणि वाचणाऱ्याचा रसभंग होतो. शिवाय विभक्ती. खंजीरने नाही, खंजिराने; तलवारने नाही, तलवारीने. तेव्हा वस्तूंच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे मूळ रूप, अनेकवचन, सामान्यरूप आणि लिंग असे चार रकाने सुरुवातीलाच भरावेत. दोनशे वस्तूंना एक दिवस लागतो. नंतर निस्तरायला महिना.

तांत्रिक बाजूची एकच गोष्ट. अक्षरं एकेक करून उमटवायची हौस सगळ्यांना असते. संगणकाच्या लेखी 'क्षि' म्हणजे चार खुणा: क, हलन्त, ष आणि वेलांटी. खुणांच्या हिशेबाने उमटवलं तर आधी क, मग क्, मग क्ष आणि मग क्षि असं थरथरत येतं. पुढे सरकायचं ते अख्ख्या अक्षराने. गोडो या गेम बनवायच्या फुकट इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत (२०२३) जोडाक्षरं नीट जुळतात, तिसरीत जुळत नव्हती; जुनं ट्यूटोरियल बघून तिसरी उतरवू नका.

या सगळ्या ओझ्याच्या बदल्यात मराठी एक देणगीही देते. 'तू', 'तुम्ही', 'आपण'. 'अरे', 'अहो', 'काहून बे', 'बसा न जी'. मोर्चातल्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं हे दाखवायला ॲनिमेशन लागत नाही. 'हे पात्र तुमचं वागणं लक्षात ठेवील' अशी पाटी पडद्यावर झळकवायची काही गेममध्ये पद्धत आहे. आपल्याला त्या पाटीची गरजच नाही. प्रत्येक महत्त्वाच्या पात्रापुढे एक व्हेरिएबल ठेवा: तो नायकाला काय म्हणून हाक मारतो. खेळणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते त्या हाकेतून कळतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिला गेम करू पाहणाऱ्यांसाठी माप सांगून थांबतो. पाऊण तासाचा खेळ, पाच ठाम प्रसंग, चार निवडी, चार व्हेरिएबल, प्रत्येकाच्या ०, १, २ अशा तीन किमती. लिखाण सहा हजार शब्दांच्या आत. याच्या एकूण जुळण्या ८१ होतात आणि सगळ्या खेळून बघायच्या तर साठ तास लागतील. त्याऐवजी नऊ खेपा करा, चार व्हेरिएबलच्या किमती अशा ठेवून: ००००, ०१११, ०२२२, १०१२, ११२०, १२०१, २०२१, २१०२, २२१०. यात कोणत्याही दोन व्हेरिएबलच्या किमतींची प्रत्येक जोडी बरोबर एकदा येते, आणि बहुतेक घोळ दोन निवडी एकमेकींना छेद देतात तिथेच असतात. नऊ वेळा पाऊण तास म्हणजे पावणेसात तास, एका रविवारचं काम. पहिल्या तीन खेपा आधी करा. त्यात पहिला व्हेरिएबल ० आहे, म्हणजे नायक काट्यापाशी गेलेलाच नाही. मोर्चातला म्हातारा तरीही 'तुम्ही अडत्याकडचे न जी' म्हणाला, तर खतावणीचा चौथा रकाना रिकामा राहिलाय.

आपले,
गेमसाठी मराठी कथा-संवाद लिहिणारे काही वाचक,
नागपूर